भाडं किती ते नंतर बघ, गाडी उभी किती राहते ते आधी बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय २३, गाव तासगाव तालुक्यात, हेवी लायसन मिळून आठ महिने झाले. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मालकाच्या सहा चाकी गाडीवर आहेस. पशुखाद्य, सिमेंट, कधी पत्रा, मिळेल ते भरायचं. महिना १४,००० रुपये आणि बाहेर गेलं की दिवसाला ३०० भत्ता, त्यातही दोन महिन्यांचा पगार अडकलाय. यापेक्षा बरं डिलिव्हरीचं काम कुठं मिळेल, लांबची लाइन धरू का, की सरळ कर्ज काढून स्वतःची गाडी घेऊ, असं विचारलंयस. माझा थोरला तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी १९९६ साली मिरजेत क्लीनर म्हणून लागलो. पुढं सहा चाकी, दहा चाकी, सात वर्षं दुधाचा टँकर असं सगळं चालवलं. आता अकरा गाड्यांची देखरेख बघतो, म्हणजे ड्रायव्हर निवडायचं कामही माझ्याकडंच आहे. त्यामुळं दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

तू पगाराबद्दल चार ओळी लिहिल्यास, पण माझं लक्ष गेलं ते मधल्याच एका वाक्याकडं. हुबळीला माल घेऊन गेलास, गाडी खाली व्हायला दोन दिवस लागले आणि परतीचं भाडं मिळेपर्यंत तीन दिवस तिथंच पडून होतास. जाण्या-येण्याचा दिवस धरला तर सहा दिवस झाले, म्हणजे १४४ तास. सांगली-हुबळी जाऊन-येऊन भरल्या गाडीनं फार तर पंधरा-सोळा तास चाकं फिरली असतील. उरलेले सव्वाशेच्या वर तास तू गोडाऊनच्या दारात आणि पंपाच्या आवारात काढलेस. जेवण, चहा, आंघोळीचे पैसे त्याच तीनशेतून. अडचण हीच आहे. पगार १४ चा १८ झाला आणि थांबणं तेवढंच राहिलं, तर सहा महिन्यांनी तू पुन्हा हाच प्रश्न विचारशील.

मालकाचा पैसाही चाकं फिरली तरच येतो. गाडी महिन्यातले बारा दिवस उभी राहिली की त्याचा हप्ता ओढाताणीत जातो आणि पहिली कात्री ड्रायव्हरच्या पगाराला लागते. मी त्याची बाजू घेत नाही, तुझे पैसे त्यानं दिलेच पाहिजेत. पण नवा मालक शोधताना तो किती देतो यापेक्षा त्याच्या गाड्या किती उभ्या राहतात हे बघ, कारण वेळेवर पगार त्याच्यावरच अवलंबून असतो.

आता काम कुठलं धरावं? हे थोडं तुझ्या घरावर अवलंबून आहे. आईवडिलांकडं कोण बघतं, लग्न ठरायचंय का, रात्री जागता येतं का, हे मला माहीत नाही. रात्री दोन ते पाच डोळे जड होणारा माणूस असशील तर पार्सलच्या लाइनकडं बघूच नकोस, पैसे कितीही असोत. तिथं संध्याकाळी भरून पहाटे पुण्या-मुंबईत गाडी लावायची असते आणि झोप दिवसा, तीही मिळाली तर. ज्याला रात्र मानवते त्याच्यासाठी ते काम चांगलं आहे, कारण गाडी ठरलेल्या वेळेला सुटते आणि ठरलेल्या जागी खाली होते.

आपल्या भागात थांबणं सगळ्यात कमी कुठं असेल तर दुधात. भिलवडीपासून इस्लामपूरपर्यंत डेअऱ्या आणि दूध संघ आहेत. दुधाचा टँकर कोणी दोन दिवस दारात उभा करून ठेवत नाही, दूधच नासेल. गेला, नमुना काढला, फॅट-एसएनएफ (दुधातला स्निग्धांश आणि बाकीचा घन भाग) लागलं, खाली केला, टाकी धुतली, परत निघाला. रिकामं परत येणं हे त्या धंद्यात धरलेलंच असतं, त्यामुळं रिटर्न भाड्यासाठी ताटकळणं नाही. मात्र दोन गोष्टी शिकाव्या लागतात. एक, सीलला हात लावायचा नाही आणि निघताना सील नंबर कागदाशी ताडून घ्यायचा. नमुन्यात पाणी निघालं तर पहिलं बोट तुझ्याकडं येतं. दुसरी, अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड असतो. ब्रेक मारल्यावर गाडी थांबते पण आतलं दूध थांबत नाही, ते पुढं येऊन धक्का देतं. वळणावर एका कुशीला जातं. मी पहिल्यांदा अर्धा टँकर घेऊन निघालो तेव्हा सिग्नलला थांबल्यावरही गाडी पुढं सरकल्यासारखी झाली होती. वेग आधीच कमी करायची सवय लागायला महिना गेला.

दुसरं चांगलं काम म्हणजे कारखान्याची ठरलेली लाइन. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, किर्लोस्करवाडीचा पंपांचा पट्टा, इथून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) आणि पार्ट चाकण, भोसरी, रांजणगावकडं जातात. तिकडच्या मोठ्या कंपन्या गेटवर वेळ ठरवून देतात आणि येताना बऱ्याचदा रिकाम्या ट्रॉल्या, बिन परत आणायच्या असतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी गाडीला काम. माल दिसायला थोडा पण वजनाला भारी, म्हणून हौद्यात तो मधोमध बसवणं आणि बेल्ट आवळणं आलंच पाहिजे. सैल राहिलेलं एक कास्टिंग घाटात फाळका, म्हणजे हौद्याची उघडणारी फळी, तोडून बाहेर येतं.

मार्केट यार्डाचं सांगतो. सांगलीची हळद आणि सांगली-तासगावचा बेदाणा यांना देशभर गिऱ्हाईक आहे. फेब्रुवारी ते मे भाड्याला तोटा नसतो आणि नव्या ड्रायव्हरला तिथं सहज शिरकाव मिळतो. पण हमालांची पाळी, व्यापाऱ्याची सही, काट्याची रांग यात दिवस मोडतो. एक हंगाम शिकायला म्हणून कर, मोजणी आणि कागद तिथं पक्के होतात. उसाच्या गाडीवर मात्र जाऊ नकोस. काट्यावरची रांग आणि पासिंगपेक्षा (आरटीओनं ठरवलेल्या वजनापेक्षा) जास्त भरणं, दोन्ही तिथं नेहमीचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. तो कोण भरणार यावर नंतर वाद होतो आणि वादात ड्रायव्हर हरतो. द्राक्ष आणि स्ट्रॉबेरीचं काम चार महिन्यांचं, पळापळीचं, नेहमीच्या ड्रायव्हरला सुट्टी असेल तेव्हा बदली म्हणून ठीक.

लांब पल्ल्याचं, म्हणजे दिल्ली, कोलकाता, तर पहिली दोन वर्षं नको. ट्रिपचे पैसे ऐकायला मोठे वाटतात, पण गाव सोडल्यावर भाडं शोधायला दलालाच्या दारात बसावं लागतं आणि तुझी ओळख तिथं शून्य. हुबळीला जे तीन दिवस गेले ते तिकडं आठवडा जातील.

तुझ्याकडं हेवी लायसन आहे हे कमी समजू नकोस. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं निकाल दिला की ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर चालवता येते. त्यामुळं छोटा हत्ती आणि पिकअपवर आता कोणीही बसू शकतो आणि तिथं गर्दी आहे. तू त्या गर्दीच्या वरच्या पायरीवर आहेस, खाली उतरू नकोस. उलट अजून एक पायरी चढ. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून इथेनॉल तेल कंपन्यांच्या डेपोत जातं. त्या टँकरवर बसायला धोकादायक मालाची नोंद लायसनवर लागते आणि त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं. तीन दिवसांचा पगार बुडेल, पण असे ड्रायव्हर आम्हाला शोधून मिळत नाहीत. तिथं वेग, पार्किंग, थांबे सगळं बांधलेलं असतं. लगेच ते काम धर असं म्हणत नाही, एक-दोन वर्षं हात बसल्यावर धर. नोंद मात्र करून ठेव.

मी माणूस कसा निवडतो तेही ऐक. गाडी जोरात कोण चालवतो हे मी बघत नाही. बघतो त्या तीन गोष्टी: माल मोजून घेतो का, पोहोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) नीट आणतो का, फोन उचलतो का.

मोजण्याचं मी फार महाग शिकलो. २००३ साली एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनमधून रात्री हळदीची २४० पोती भरली. दिवसभर गाडी चालवून आलो होतो, केबिनमध्ये डोळा लागला, मुकादमानं उठवलं आणि मी बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, सही केली. मुंबईत उतरताना २३६ भरली. भरताना कमी की वाटेत गेली, सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. चार पोत्यांचे पैसे तीन महिने पगारातून कापले गेले. त्या वर्षी दिवाळीला घरी काही नेता आलं नाही. त्यानंतर आजतागायत भरताना मी फाळक्याजवळ उभा असतो, हातात खडू. पाच पोती आत गेली की फाळक्याच्या आतल्या बाजूला एक उभी रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. म्हणजे एक जुडी पंचवीस पोत्यांची. हमाल हसतात, हसू देत. संख्या जुळली नाही, समजा कागदावर ४०० आणि मोजून ३९८, तर बिल्टीच्या तिन्ही प्रतींवर ‘मोजून ३९८ मिळाली’ असं लिहूनच सही करायची. कोणी घाई केली तरी आवाज चढवायचा नाही, फक्त पेन खिशात ठेवायचं.

कागदात ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, बघायला शीक. त्यावर तुझ्याच गाडीचा नंबर आहे का आणि मुदत कधी संपते, एवढं तरी वाच. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशोब आहे. गाडी बंद पडली तर मुदत संपायची वाट न बघता लगेच फोन कर, ती वाढवून घेता येते. पोहोच आणताना सही, शिक्का, तारीख आणि गाडी आत गेल्याची व बाहेर आल्याची वेळ घे. ही वेळ लिहून आणणारा ड्रायव्हर मालकाला हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे, पैसे मिळवून देतो. एवढ्या एकाच सवयीवर मी दोन पोरांना ठेवून घेतलंय.

गाडी चालवण्याबद्दल एकच सांगतो, कारण पुण्याची लाइन धरलीस तर ते रोजचं आहे. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून दरी पूल, नवले पूल असा जो उतार लागतो, तिथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजून आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं कितीतरी गाड्यांना धडक दिली. ताबा सुटायला फार काही लागत नाही. न्यूट्रलला इंजिनाची अडवणूक संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की पायाखाली पेडल असतं पण गाडी ऐकत नाही. इंजिनच बंद केलंस तर ब्रेकची हवाही भरत नाही. बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच खालचा गिअर टाक आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकवर) उतर. मागचा हॉर्न मारेल, मारू दे. वाचलेलं डिझेल मालकाच्या खात्यात जातं, आणि काही झालं तर तुरुंगात तू जातोस.

बरं काम सापडतं कुठं? पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याकडं तर मुळीच नाही. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास एमआयडीसीत कारखान्यांच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर थांब. कुठल्या ट्रान्सपोर्टच्या गाड्या रोज त्याच वेळेला बाहेर पडतात हे आठवडाभर बघ. नंबर एमएच १० चे असोत की एमएच ०९ चे. रोज दिसणारी गाडी म्हणजे ठरलेली लाइन. तिच्या ड्रायव्हरला एवढंच विचार की पगार कितव्या तारखेला होतो आणि मागच्या वर्षात किती ड्रायव्हर सोडून गेले. मालक खोटं सांगेल, पण चहा पिताना ड्रायव्हर खोटं सांगणार नाही. मग डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करणाऱ्या, माणसाला भेट. त्याला लायसनची प्रत आणि दोन ओळखीची नावं दे. बदली ड्रायव्हर कधी लागला तर बोलवा, असं सांगून ठेव. माझ्याकडं निम्मे लोक असेच बदलीवर आले आणि राहिले.

ठरवायच्या आधी समोर बसून विचार: हमाली आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्यासाठी गाडीवाल्याकडून घेतले जाणारे पैसे) कोण देणार? ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ हे आपल्या वाहतूकदारांनी कितीदा मांडलंय, तरी उतरवण्याचे पैसे गपचूप ड्रायव्हरच्या भत्त्यातून जातात. उभ्या दिवसाचा भत्ता किती, चलन आलं तर कोणाचं, माल कमी भरला तर कापणार कसं, महिन्याला सुट्ट्या किती. पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) आहे का तेही विचार, मोठ्या ठेकेदाराकडं असायला पाहिजे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं घालून दिलं होतं. रस्त्यावर ते कोणी पाळलेलं मी फार पाहिलं नाही, पण हा प्रश्न विचारल्यावर मालकाचा चेहरा कसा होतो त्यावरून तुझे पुढचे दिवस कळतात. आणि मूळ लायसन कोणाकडं ठेवायला देऊ नकोस. मागणाऱ्याला प्रत दे. मूळच पाहिजे म्हणाला तर उठून ये.

स्वतःच्या गाडीचं आत्ता नको. समजा हप्ता महिन्याला ३५,००० बसला, तर दिवसाला साडेअकराशेच्या वर झाले, गाडी उभी असली तरी. तुझ्या हुबळीच्या त्या सहा दिवसांत सात हजार हप्त्याचेच गेले असते, टायर, विमा, रोड टॅक्स वेगळे. ज्याच्या हातात ठरलेली लाइन आहे त्यानं गाडी घ्यावी. गाडी घेऊन लाइन शोधणारे कितीतरी जण मी पाहिलेत, त्यांच्या गाड्या फायनान्सच्या आवारात उभ्या असतात. तू दोन-तीन वर्षं एकाच कारखान्याचा माल वेळेवर पोहोचवलास आणि डिस्पॅचवाला स्वतःहून म्हणाला, ‘तुझी गाडी असती तर लावली असती,’ तर त्या दिवशी मला विचार. तेव्हा मी हो म्हणेन.

तोवर शंभर पानी वही घे. प्रत्येक फेरीच्या या पाच वेळांची नोंद कर: भरायला लागली कधी, भरून निघाली कधी, पोहोचली कधी, खाली झाली कधी, पुढचं भाडं मिळालं कधी. महिनाभर लिही. मग भत्ता धरून तुझा सगळा पैसा घराबाहेर काढलेल्या तासांनी भाग. नवीन काम बघशील तेव्हा तिथल्या ड्रायव्हरकडून तेच आकडे काढून शेजारी मांड. बारा हजारांचं दुधाचं काम तुझ्या चौदा हजारांपेक्षा तासाला जास्त देत असेल, आणि रात्री घरी भाकरी मिळत असेल.

अडकलेल्या पगाराचं शेवटचं. भांडून, चावी फेकून निघू नकोस. नवीन काम पक्कं झाल्यावर पंधरा दिवस आधी मालकाला सांग, आणि व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठव, त्यात बाकी किती महिन्यांची आणि किती रुपये ते स्पष्ट टाक. त्यानं ‘हो, देतो’ एवढं उत्तर दिलं तरी तो पुरावा झाला. नाहीच दिले तर तो मेसेज, भत्त्याच्या नोंदी आणि तुझी वही घेऊन सांगलीच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज कर. गाडी ताब्यात देताना दिवसाउजेडी दे. किलोमीटरचा आकडा, सहाही टायर, स्टेपनी, जॅक, ताडपत्री, दोर यांचे फोटो मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर काढ. कागदावर यादी करून खाली त्याची सही घे, आणि मगच चावी हातात दे. मी दोन जागा सोडल्या त्यातल्या एका ठिकाणी सहा महिन्यांनी जॅक आणि ताडपत्रीचे पैसे मागायला माणूस घरी आला होता. तो कागद दाखवल्यावर चहा पिऊन गेला.